उपासाचा पट्टा

हेरंब मयेकरला कुणी दुसऱ्यांदा जेवायला बोलवत नसे. माणूस वाईट नव्हता. ताटात काही टाकायचा नाही, यजमानीणबाईंचं कौतुकही तोंडभर करायचा. पण जेवण झालं की हात धुवायला म्हणून तो आत जायचा आणि ओट्यापाशी काहीतरी उघडल्याचा आवाज यायचा. माटुंग्याला मेव्हण्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा त्याने मिक्सरच्या झाकणातली रबरी रिंग नखाने उचकटली, तिच्याखालचा काळपट थर चमच्याने खरवडला आणि पाहुण्यांना दाखवायला बाहेर आणला. पाहुण्यांच्या हातात त्याच मिक्सरमधलं पियूष होतं. "वहिनी, तुमचा दोष नाही हो," तो मेव्हण्याच्या बायकोला समजुतीच्या सुरात म्हणाला, "दोष हे बनवणाऱ्याचा. त्याने धुवायला जागाच ठेवली नाही." वहिनींना या सांत्वनाचा काडीचाही उपयोग झाला नाही. परतीच्या टॅक्सीत हेरंबची बायको सीमा खिडकीकडे तोंड करून बसली, ती लालबाग येईपर्यंत वळली नाही.

हा हेरंब कारखान्यांसाठी फिरते पट्टे बनवायचा. एका टोकाला माल पडतो, पट्टा रोलरवरून सरकत राहतो आणि दुसऱ्या टोकाला माल उतरतो, एवढीच त्या यंत्राची करामत. विमानतळावर आपली सोडून बाकी सगळ्यांच्या बॅगा ज्याच्यावरून येतात, तसला पट्टा. आपण सगळे पट्ट्याकडे वरून बघतो. हेरंब खाली वाकून बघायचा. पोकळ पाइप दिसला की त्याच्या कपाळाला आठी पडे. आत पाणी शिरणार, मग ते बाहेर कोण काढणार? सपाट पट्टी दिसली की दुसरी आठी, कारण तिच्यावर पाणी साचणार. त्याच्या स्वतःच्या मशीनचे पाय गोल आणि भरीव असत, कडा उतरत्या असत, कुठल्याही बोल्टचे आटे उघडे नसत. पान्याबिन्याची भानगडच नाही. एक खटका दाबला की ताणलेला पट्टा झोळीसारखा सैल पडायचा आणि खालून, वरून, आतून धुता यायचा.

हे वेड कुठून आलं असं कुणी विचारलंच, तर तो आपल्या वडिलांची गोष्ट सांगे. वडील मिलमध्ये पिंजणखात्यात होते. पाळी संपवून घरी आले की आई त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करायची आणि केसांतली, भुवयांतली, कानांच्या पाळ्यांमागची रुई बोटांनी वेचून काढायची. अख्खी चाळ बघायची. वडील मान खाली घालून लहान मुलासारखे उभे राहायचे. सगळी रुई निघाल्याशिवाय चहा मिळत नसे.

मिल बंद झाली, हेरंब डिप्लोमा करून एका बिस्किटाच्या कारखान्यात ड्रॉइंग खात्यात लागला. तिथे केस पिकेपर्यंत राहिला असता, पण कारखाना गुजरातला गेला. हेरंब गेला नाही. लालबागचे गणपती इथे असताना माणसाने वापीला बसून काय करायचं, हा त्याचा सवाल होता. त्याने शिवडीला गोदामांच्या मागे एक गाळा घेतला आणि स्वतःचे पट्टे बनवायला सुरुवात केली.

पट्टे उत्तम होते. तोच घोटाळा झाला. पहिला पट्टा एका बेकरीवाल्याने घेतला आणि थोड्याच दिवसांत परत पाठवला. "साहेब," तो म्हणाला, "जुन्या मशीनमध्ये घाण दिसत नव्हती. तुमच्यात रोज दिसते. पोरं कंटाळली." दुसरा पट्टा लोणचीवाल्याकडून परत आला. तिथली माणसं दुपारी फावल्या वेळात मशीन उघडून बसायची, उघडायला इतकं सोपं होतं म्हणून, आणि मग कुठला भाग कुठे ठेवला ते विसरायची. हेरंबला दोन्ही तक्रारी प्रशस्तिपत्रासारख्या वाटल्या. सीमाला तसं वाटलं नाही.

सीमा हेरंबच्या मशीनना "तुमच्या घसरगुंड्या" म्हणायची. ती दादरच्या एका शाळेत ऑफिसात होती, सरळ मार्गाची बाई, आणि तिची सहनशक्ती आता तळाला लागली होती. त्यांच्या टॉवरचे सेक्रेटरी राजेश यांनी सोसायटीच्या मॅनेजरची खुर्ची हेरंबसाठी अडवून धरली होती. काम बैठं. पार्किंगची भांडणं सोडवायची, लिफ्टवाल्याला फोन करायचा, कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या सुकत घातलेल्या साडीवर पडलं त्याचा निवाडा करायचा.

"तिसरी घसरगुंडी परत आली," सीमा म्हणाली, "की गाळा बंद. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसायचं. कबूल?"

हेरंब कबूल म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला? पण लिफ्टने खाली आलं की सोसायटीच्या ऑफिसातली ती फिरती खुर्ची काचेतून दिसायची, तिच्या सीटच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा अडकलेला दिसायचा, आणि हा नजर फिरवून गेटकडे सटकायचा. आयुष्यात एक तरी मशीन कुणीतरी ठेवून घ्यावं एवढीच त्याची इच्छा होती. तिसरा पट्टा मागितला दुर्गाकाकींच्या विनीतने.

चिवडा गल्लीच्या मागल्या अंगाला दुर्गाकाकी परबांचा फरसाणाचा कारखाना होता. चकली, शेव, पोह्यांचा चिवडा सगळीकडेच मिळतो. काकींचं नाव होतं ते उपासाच्या बटाट्याच्या चिवड्यासाठी. कडक उपास करणारी माणसं, जी दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा संशयाने पितात, ती काकींचा चिवडा डोळे मिटून खायची. कारण काकी स्वतः तशाच होत्या. उपासाची कढई वेगळी, झारा वेगळा, तेलाचा डबा वेगळा, इतकंच काय, उपासाच्या शेगडीला काडेपेटीसुद्धा वेगळी. बेसनाच्या हाताने कुणी उपासाच्या परातीला शिवलं तर परात दिवसभर उन्हात प्रायश्चित्त घेत पडायची.

आता मागणी वाढली होती. तळलेला चिवडा परातीत निववायचा, बायकांनी निवडायचा, पिशव्या भरायच्या, यात हात पुरेनात. मुलगा विनीत म्हणाला पट्टा घेऊ. काकी म्हणाल्या, घे, पण दोन घे, एक उपासाचा. दोन पट्ट्यांना जागा असती तर त्याला लालबाग कशाला म्हणाले असते! तेव्हा एकच पट्टा: संकष्टीच्या आदल्या दिवशी त्याच्यावरून चकल्या आणि शेव जाणार, संध्याकाळी तो धुवायचा आणि चतुर्थीच्या सकाळी त्याच्यावरून उपासाचा चिवडा जाणार. काकींनी हे ऐकलं आणि त्या उठून पंख्याखाली जाऊन बसल्या. संतापल्या की त्या तशाच बसत.

अखेर एक दिवस त्या शिवडीच्या गाळ्यात स्वतः आल्या. हेरंबने आदबीने खुर्ची पुढे केली. काकी बसल्या नाहीत. त्यांनी पदराआडून खराट्याची एक हीर काढली. गावाकडून आलेली, नारळाच्या झावळीची, लांब आणि चिवट. मोदकाच्या साच्याच्या पाकळ्या, खवणीचे दाते, झाऱ्याची भोकं, सगळं त्या हिरेने कोरत असत. ती हीर त्यांनी मशीनमध्ये घालायला सुरुवात केली. रोलरच्या बगलेत, पायाच्या मुळाशी, खटक्याच्या आत, जिथे फट दिसेल तिथे. हेरंब त्यांच्या मागे मागे वाकत होता. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याच्या मशीनच्या पोटात डोकं घातलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात एका जोडाजवळ हीर अर्धी आत गेली.

काकींनी ती बाहेर काढली, नाकाशी धरली, आणि हेरंबच्या नाकासमोर धरली. टोकाला चाचणीचं बेसन लागलं होतं.

"ह्या काय रे मेल्या?"

"काकी..." हेरंब लाजायच्या ऐवजी त्या जोडाशी आणखी खाली वाकला. "काकी, ही जागा माझ्या लक्षात कशी नाही आली?"

"माका काय विचारतस? तुजा मशीन."

त्या रात्री जेवताना हेरंबने पोळीच्या कणकेचा गोळा मागून घेतला आणि ताटाशेजारी त्याचे कोपरे करून बघत बसला. काटकोनात बोट पोचत नाही, गोलाईत पोचतं. सीमाने तव्यावरची पोळी करपू दिली पण गोळा परत मागितला नाही, कारण नवऱ्याचा चेहरा तिला लग्नातल्यासारखा दिसत होता. पुढच्या काही दिवसांत त्याने तो जोड कापला, गोल वळण दिलं, वेल्डिंग घासून आरशासारखं केलं आणि काकींकडून एक हीर मागून आणून रोज स्वतःच टोचून बघायला लागला. ती हीर आता त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असायची.

परीक्षा ठरली संकष्टीची. अट अशी की आदल्या संध्याकाळी पट्टा लक्ष्मीमावशी धुणार, आणि हेरंबने तोंडातून शब्द काढायचा नाही. लक्ष्मीमावशी काकींकडे सगळ्यांत जुन्या. मशीन म्हटलं की त्यांना घरचं शिवणयंत्रच माहीत. त्या मशीनभोवती एक फेरी मारून थांबल्या, खटका दिसला तो दाबला आणि पट्टा सैल पडलेला बघून म्हणाल्या, "अगो बाई, हा तर नाडी सुटल्यासारखा झाला." हेरंबने ओठ दाताखाली धरले. मावशींनी पट्टा उचलून खालची बाजू धुतली, रोलर काढून बादलीत बुडवले, कडेला काही साचतंय का ते बघत राहिल्या आणि सगळं पाणी आपसूक निथळून गेलं तेव्हा थोड्या निराश झाल्या. एवढं लवकर काम आटपलं तर घरी जाऊन सुनेचं तोंड बघावं लागणार होतं.

पट्ट्याचा रंग निळा होता. काकींना तो आवडला नव्हता. अन्नाला काय हा रंग, म्हणाल्या होत्या. हेरंबने समजावलं होतं, "काकी, जगात निळं फरसाण नाही. म्हणून या रंगावर काहीही वावगं पडलं की लगेच डोळ्यांत भरतं. केस असो, दाणा असो, लपायचा नाही." हे वाक्य तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

सकाळी तो घरातून निघाला, चप्पल पायात सरकवली, आणि मागून सीमाने हाक मारली, "अहो, थांबा."

त्याला वाटलं, डबा राहिला. वळून बघतो तर सीमा देवघरातून तबक घेऊन येत होती. तिने त्याच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं, त्यावर अक्षता नीट दाबून बसवल्या, आणि आत निघून गेली. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही घसरगुंडीसाठी तिने निरांजन सोडाच, उदबत्तीची काडीही लावली नव्हती. हेरंब लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघत खाली आला. रस्ताभर त्याने घामसुद्धा कपाळ सोडून पुसला.

कारखान्यात पोचताच त्याने फौजदारी सुरू केली. पट्ट्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाने डोक्याला टोपी घालायची. बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर हातमोजा. गजरे बाहेर. आणि टिकल्या काढायच्या, कारण टिकलीचा गोंद उष्णतेने सुटतो.

"सवाष्णीने टिकली काढायची?" लक्ष्मीमावशी कडाडल्या. "आणि तीही चतुर्थीला?"

"मावशी, चिवड्यात टिकली निघाली तर देव काय म्हणेल?"

बायकांनी काकींकडे बघितलं. काकी पंख्याखालून म्हणाल्या, "काढा गो. देवाक तुमचो नवरो जिवंत आसा ता म्हायत आसा." तेव्हा दाराजवळच्या आरशावर टिकल्यांची रांग लागली. विनीतच्या मनगटावर देवाचा लाल गंडा होता. हेरंबने तो कात्री घेऊन कापायलाच काढला होता, शेवटी हातमोज्याखाली दडवण्यावर तडजोड झाली. सगळ्यांची कपाळं, कान, मनगटं तपासून झाल्यावर हेरंबने स्वतः जाळीची टोपी घातली. इतरांच्या टोप्या त्याने भुवयांपर्यंत ओढायला लावल्या होत्या. त्याची स्वतःची टोपी मात्र त्याने अलगद मागच्या बाजूला बसवली, कारण पुढे ओढली असती तर कुंकू फिसकटलं असतं.

पट्टा सुरू झाला. कढईतून निथळलेला बटाट्याचा कीस, शेंगदाणे, जिऱ्याचा आणि मिरचीचा वास, सगळं निळ्या पट्ट्यावर पसरून हळूहळू सरकायला लागलं. वरून पंखा, दोन्ही बाजूंना बायका, करपलेली काडी दिसली की उचलत होत्या. हेरंब कुठे एका जागी उभा राहतोय! तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्यावर ओणवा होऊन चालत होता, कान रोलरला लावत होता, बारशाच्या पाळण्यावर वाकतात तसा वाकत होता.

काकी उठल्या. पट्ट्याच्या शेवटाला आल्या, पहिल्या घाण्याचा चिवडा मूठभर घेतला, गणपतीचं नाव घेतलं आणि तोंडात टाकला. सगळ्यांचे हात थांबले. काकी चावत होत्या. चेहऱ्यावर हळूहळू समाधान उमटायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हा त्यांच्या दाताखाली कट् असा आवाज झाला.

काकींनी जबडा तिथेच थांबवला. तोंडातला घास तळहातावर काढला, बोटाने चिवडला, आणि एक कच्चा दाणा उचलून उजेडात धरला.

"ह्यो तांदूळ," त्या म्हणाल्या, "खंयसून इलो?"

उपासाच्या चिवड्यात तांदूळ! बेसन निघालं असतं तर समजण्यासारखं होतं, काल शेव होती. अख्खा तांदूळ या कारखान्यात येतच नव्हता, चकलीची भाजणीसुद्धा दळूनच यायची. विनीत म्हणाला, शेजारच्या मसाल्याच्या गिरणीतून उडाला असेल, बघ ना, लालसर पण दिसतोय. लक्ष्मीमावशी म्हणाल्या, मी धुतलंय ते मशीन, माझ्यावर नाव नको. आणि हेरंबच्या डोळ्यांसमोर ती फिरती खुर्ची उभी राहिली. शिवणीतल्या चुऱ्यासकट.

"माझ्या मशीनमध्ये तांदूळ राहायला जागाच नाही!" तो ओरडला.

"मगे ह्यो काय आभाळातून पडलो?"

हेरंबने पट्टा बंद केला, बायकांनी त्यावरचा चिवडा परातीत ओढून घेतला, आणि तो पिसाटासारखा मशीन उघडायला लागला. खटका दाबला, पट्टा सुटला, रोलर निघाले, कडेच्या पट्ट्या निघाल्या, चुरा खरवडणारी जीभ निघाली. पाच-सात मिनिटांत अख्खं मशीन स्वच्छ चादरीवर मांडलेलं होतं, मांडवात रुखवत मांडतात तसं. खिशातली हीर त्याने काकींच्या हातात दिली. "घ्या! टोचा! कुठेही टोचा!"

काकींनी टोचलं. गुडघ्यांची कुरकुर सोसत त्या खाली बसल्या, विनीतच्या मोबाइलचा उजेड घेतला, आणि ती हीर त्यांनी प्रत्येक जोडाला, प्रत्येक वळणाला, प्रत्येक रोलरच्या टोकाला लावून पाहिली. हीर कुठेच आत जाईना. ज्या जोडाने शिवडीत घात केला होता तिथे त्यांनी मुद्दाम तीनदा प्रयत्न केला. हीर गोलाईवरून घसरत होती. काकी आता रागावलेल्या दिसत नव्हत्या. एखाद्या बाईने नव्या सुनेचं स्वयंपाकघर तपासायला यावं आणि बोलायला काही मिळू नये, तशी त्यांची पंचाईत झाली होती.

"नाय गावणा," त्या अखेर म्हणाल्या. "पण तांदूळ तर आसा."

हेरंब रडकुंडीला आला होता. चादरीवर निळा पट्टा रिकामा पसरला होता. त्याच्यावर ओणवून तो शेवटचं काही दिसतंय का बघायला लागला. उघडता-उघडता त्याला घाम फुटला होता. कपाळावरचा ओघळ कुंकवातून वाट काढत खाली आला, आणि त्याच्याबरोबर एक दाणा सुटून पट्ट्याच्या मधोमध पडला.

निळ्या पट्ट्यावर लालसर पांढरा दाणा. काहीही वावगं पडलं की लगेच डोळ्यांत भरतं, हे हेरंब सांगायचा ते अगदी खरं होतं.

सगळ्यांनी दाण्याकडे बघितलं. मग सगळ्यांच्या माना सावकाश वर गेल्या. कपाळावर अजून दोन-तीन अक्षता ऐटीत बसलेल्या होत्या.

लक्ष्मीमावशींनी आधी आरशावरच्या आपल्या टिकलीकडे बघितलं, मग हेरंबकडे. हातातला झारा त्यांनी खाली ठेवला नाही हे हेरंबच्या लक्षात आलं.

"कोणी लावल्यान?" काकींनी विचारलं.

"बायकोने."

"सगळ्यांच्या कपाळावरची टिकली काढलंस. माज्या झिलाचो गंडो कापूक निघालं होतंस. आणि ह्या पुसूक काय झाला?"

हेरंबने हातातला रोलर चादरीवर ठेवला. तो मशीनच्या तुकड्यांकडे बघत म्हणाला, "पहिल्यांदाच लावल्या काकी तिने. पुसवेना."

बायकांतून कुणीतरी चुकचुकलं. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा कारखानाच हसायला लागला. विनीत तर कढईला टेकणार होता, त्याला मावशींनी वेळेवर ओढलं. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तांदळाचा तो पहिला दाणा पदराच्या टोकाला बांधला, कारण अक्षता केरात टाकायच्या नसतात, आणि निवाडा दिला. पहिला घाणा उपासाचा म्हणून विकायचा नाही; त्यात मनुके टाकून साधा म्हणून द्या. दुसरा घाणा घ्या.

"आणि मशीन?" हेरंबने विचारलं.

"मशीन रवतला," काकी म्हणाल्या. "मशीन सोवळ्यात आसा. तू भायर रव."

आणि खरोखरच त्यांनी त्याला बाहेर काढलं. ज्याने तो पट्टा बनवला, तो दुसरा घाणा होईपर्यंत दाराबाहेर पायरीवर बसून राहिला. मशीन आत मावशींनी जोडलं. बाहेर बसून तो नुसता आवाज ऐकत होता. रोलर फिरायला लागले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना मात्र त्याने उरलेल्या अक्षता अलगद काढून खिशात ठेवल्या.

तो घरी निघाला तेव्हा काकींनी त्याला आतून हाक मारून सांगितलं, "रातचो मोदक खावक ये. बायकोक घेवन ये. चंद्र दिसल्यावर तांदूळ चलता."

संध्याकाळी घरी त्याने सीमाला सगळं सांगितलं, काही न वगळता. तिच्या अक्षतांनी काय केलं ते सांगताना तो चाचरत होता. सीमाने ऐकून घेतलं आणि साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाली, "दाणा निघाला नसता तर मशीन उघडलं असतं का तुम्ही सगळ्यांसमोर?"

"नाही."

"काकींनी हीर घातली असती का सगळीकडे?"

"नाही."

"म्हणजे ठेवलं ते माझ्या अक्षतांमुळे." ती आरशाकडे वळली. "राजेशभाऊंना मी सकाळी सांगते, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. आणि एक ऐका. आज कुणाच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. हात धुवायला बाहेरचा नळ. समजलं?"

हेरंबने मान डोलावली. वडील रुई वेचून घेताना उभे राहायचे तसाच तो उभा होता, आणि सीमा त्याच्या भुवईत अडकलेला कुंकवाचा कण पदराने टिपत होती.

काकींकडे मोदक झाले, तूप झालं, आग्रह झाला. हेरंब शहाण्यासारखा बसून होता. हात त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले होते. आतून वाटणाचा वास येत होता, म्हणजे तिथे मिक्सर होता, आणि मिक्सरला झाकण असणार होतं, पण सीमाचा डोळा त्याच्यावरून हलत नव्हता. तेवढ्यात काकी उठल्या, आत गेल्या, आणि येताना मिक्सरचं झाकण घेऊन आल्या. ते त्यांनी हेरंबच्या ताटाशेजारी ठेवलं. वर हीर ठेवली.

"काकी, नको," सीमा कळवळून म्हणाली.

"बघूंदे त्याका," काकी म्हणाल्या. "माज्या घरात काय गावता ता बघूंदे." त्यांच्या आवाजात मोठा विश्वास होता.

हेरंबने बायकोकडे बघितलं, काकींकडे बघितलं, आणि त्याच्याने राहवलं नाही. त्याने रबरी रिंगच्या खाली हीर घातली आणि सावकाश गोल फिरवली. हीर बाहेर आली तेव्हा तिचं टोक काळं होतं.

सीमाने डोळे मिटून घेतले. विनीत पाणी प्यायच्या निमित्ताने उठला. काकींनी हीर हातात घेतली, चष्मा वर सरकवला, ते काळं टोक बराच वेळ न्याहाळलं आणि हेरंबकडे बघितलं.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "फुडल्या चतुर्थेक परत जेवक ये."